सायकलसहलीचा जमाखर्च

प्रथम एक कोडे सांगतो. दोन मित्र आहेत. दोघांचे वजन सारखे, सायकली सारख्या, पायांतला जोरही सारखाच. दोघे शनिवारी दुपारी अलिबागहून निघून सायकलने मुरूडला जातात आणि रविवारी परत येतात. अंतर जाताना तेवढेच, येताना तेवढेच. पहिला मित्र रविवारी दुपारी जेवून परत निघतो. दुसरा मात्र पहाटे उठून दिवस उजाडताच निघतो. थांबण्याचा वेळ आणि वाटेतले चढ सोडून दिले, तर पहिल्याला जाऊन येण्यास एकूण सव्वासात तास लागतात आणि दुसऱ्याला फक्त पाच. दुसऱ्याने एकही पायंडल जास्त जोराने मारलेले नाही. मग ही सव्वादोन तासांची बचत झाली कोठून?

उत्तर शेवटी कळेलच, पण ते नुसते ऐकण्यापेक्षा हिशोब करून काढण्यात मजा आहे. दुकानदार जसा रोज जमाखर्च मांडतो तसाच सायकलस्वारालाही मांडता येतो. जमेच्या बाजूला पायांची शक्ती, खर्चाच्या बाजूला रस्ता, हवा आणि चढ. तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकातील बल, कार्य आणि शक्ती यांपलीकडचे काहीही त्यासाठी लागत नाही.

मार्ग कसा आहे?

अलिबाग ते मुरूड हा रायगड जिल्ह्यातील किनाऱ्याचा रस्ता सुमारे ४५ ते ५० किलोमीटर लांबीचा आहे. आपण हिशोबाला ४५ किलोमीटर धरू. मुंबईकडची मुले भाऊच्या धक्क्यावरून बोटीने खाडी ओलांडून या बाजूला येऊ शकतात. २०२० साली तेथून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मांडव्याहून अलिबाग सुमारे २० किलोमीटर.

अलिबाग सोडले की आक्षी, नागाव, चौल ही गावे एकामागून एक येतात. रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो, मध्येच भातखाचरे लागतात आणि जमीन जवळजवळ सपाट असते. रेवदंड्याला कुंडलिका नदीची खाडी लागते. तिच्यावरचा पूल ओलांडला की साळाव. तेथून समुद्राच्या कडेने कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव, विहूर करीत मुरूड येते. या दुसऱ्या भागात डोंगर समुद्राच्या अगदी जवळ सरकतात, म्हणून रस्ता लहान लहान चढउतारांचा आहे. डाव्या हाताला डोंगरावर दिसते ते फणसाडचे रान. एके काळी ते जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. शेकरू ही मोठी, तांबूस झुपकेदार शेपटीची खार तेथे आढळते.

असा हा शेत, रान आणि समुद्र या तिन्हींचा मार्ग. यात सह्याद्रीचा घाट कोठेही नाही. त्यामुळे नवख्या सायकलस्वाराला वाटते, की आता अडचण कसलीच नाही. अडचण आहे, पण ती डोळ्यांना दिसत नाही.

इंजिन किती शक्तीचे?

समजा तुमचे वजन ५० किलो, सायकलीचे १८ किलो आणि सामानाचे ७ किलो आहे. एकूण ७५ किलो. शिक्षण घेणारा निरोगी मुलगा किंवा मुलगी, दम न लागता, बोलत बोलत, तासन्‌तास सुमारे ५० वॉट शक्ती पायंडलांना देऊ शकते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे तुमचे इंजिन आहे एका घोड्याच्या पंधराव्या हिश्शाचे! जुन्या पद्धतीचा तारेचा एक दिवासुद्धा ६० वॉटचा असे. शर्यतीतले कसलेले सायकलपटू ३०० वॉटपर्यंत शक्ती बराच वेळ देऊ शकतात, पण त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असते. आपल्याला ५० वॉटमध्येच भागवायचे आहे. जमेची बाजू एवढीच. आता खर्च पाहू.

पहिला खर्च : रस्ता

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. रबर चपटे करण्यासाठी जी ऊर्जा लागते ती सगळी परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन वाया जातो. दूरवर भरधाव आलेल्या मोटारीच्या टायरला हात लावला तर ते गरम लागते, ते बरेचसे याच कारणाने.

चांगली हवा भरलेल्या साध्या टायरला डांबरी रस्त्यावर वजनाच्या हजारी ८ भागांएवढा रोध होतो असे धरू. ७५ किलो वस्तुमानाचे वजन ७३५ न्यूटन. त्याचे हजारी ८ भाग म्हणजे जवळजवळ ६ न्यूटन. वेग कमी असो वा जास्त, हा रोध फारसा बदलत नाही.

पण टायरमधली हवा कमी झाली की हा रोध सहज दुप्पट होऊ शकतो. पायांची शक्ती तेवढीच ठेवली, तर ताशी १५ किलोमीटरचा वेग साडेअकरावर येतो. तेव्हा सहलीला निघण्यापूर्वी पंपाचे दहा-वीस झटके मारणे हा सर्वांत स्वस्त सौदा आहे. हवेचे टायर १८८८ साली जॉन डनलप या बेलफास्टच्या पशुवैद्याने पेटंट केले. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्याने ही खटपट केली. भरीव रबरी धावांपेक्षा ही टायरे वेगवानही आहेत हे लवकरच लोकांच्या ध्यानात आले.

दुसरा खर्च : हवा

हवा आपल्याला दिसत नाही म्हणून ती हलकी वाटते. परंतु एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते. सायकलस्वार पुढे जाताना समोरची हवा बाजूला सारतो. वेग दुप्पट केला तर एका सेकंदात दुप्पट हवा बाजूला सारावी लागते आणि तीही दुप्पट वेगाने. म्हणून हवेचा रोध दुप्पट न होता चौपट होतो. दुसऱ्या शब्दांत, रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

साध्या सायकलीवर ताठ बसणाऱ्या स्वारासाठी ढोबळ सूत्र असे लिहिता येईल :

हवेचा रोध (न्यूटन) = ०.३६ × वेग × वेग

यात वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावयाचा. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की तो मिळतो. आणि शक्ती म्हणजे एकूण रोध गुणिले सायकलीचा वेग. आता वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावरचा खर्च पाहा :

ताशी १५ किमी. : रस्ता ६ न्यूटन, हवा ६ न्यूटन, शक्ती सुमारे ५१ वॉट
ताशी २० किमी. : रस्ता ६ न्यूटन, हवा ११ न्यूटन, शक्ती सुमारे ९५ वॉट
ताशी ३० किमी. : रस्ता ६ न्यूटन, हवा २५ न्यूटन, शक्ती सुमारे २५८ वॉट

ताशी १५ किलोमीटरला रस्ता आणि हवा दोघे बरोबरीचे वाटेकरी आहेत. ताशी ३० ला मात्र पाचांतले चार वाटे हवाच खाते. वेग दुप्पट, पण शक्ती पाचपट! आपल्या ५० वॉटच्या इंजिनाला ताशी १५ किलोमीटर हाच वेग परवडतो, आणि या वेगाने ४५ किलोमीटरला तीन तास लागतात.

वारा सुटला तर?

वरच्या सूत्रातला वेग हा हवेच्या मानाने मोजायचा असतो, जमिनीच्या मानाने नव्हे. इथेच खरी गोम आहे. समजा समोरून ताशी १५ किलोमीटर वेगाचा वारा येत आहे. तुम्ही ताशी १५ ने गेलात, तर हवा तुमच्या अंगावर ताशी ३० ने येते. रोध ६ न्यूटन नव्हे, २५ न्यूटन. तोच वारा पाठीमागून असेल तर हवेच्या मानाने तुम्ही जागेवरच उभे. हवेचा रोध शून्य. ताशी १५ हाच वेग ठेवायचा तर लागणारी शक्ती अशी :

वारा पाठीमागून : २५ वॉट
वारा नाही : ५१ वॉट
वारा समोरून : १२९ वॉट

१२९ वॉट आपल्याजवळ नाहीत. मग काय होते? वेग उतरतो. ५० वॉटमध्ये समोरच्या वाऱ्याशी झुंजत तुम्ही ताशी सुमारे साडेआठ किलोमीटरने जाल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडे जास्त. पाठीमागच्या वाऱ्याबरोबर मात्र तेवढ्याच श्रमात ताशी २३ किलोमीटरने सुटाल.

पुष्कळांना वाटते की जाताना वारा पाठीमागून आणि येताना समोरून असला, तर फायदा-तोटा सारखाच होऊन फिट्टंफाट होते. हिशोब करून पाहा. ४५ किलोमीटर ताशी २३ ने : जवळजवळ दोन तास. तेच ४५ किलोमीटर ताशी साडेआठने : सव्वापाच तास. एकूण सव्वासात तास. वारा मुळीच नसता तर तीन आणि तीन, सहाच तास लागले असते! म्हणजे वाऱ्याने जाताना एक तास दिला आणि येताना सव्वादोन तास काढून घेतले. कारण उघड आहे. अनुकूल वाऱ्यात तुम्ही थोडाच वेळ असता, प्रतिकूल वाऱ्यात खूप वेळ. शिवाय रोध वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोटा नेहमीच फायद्यापेक्षा मोठा ठरतो.

आपल्या कोड्यातील पहिल्या मित्राचे सव्वासात तास ते हेच. आता दुसऱ्याकडे वळू.

वाऱ्याचे वेळापत्रक

किनाऱ्यावरचा वारा लहरी नसतो. पावसाळा सोडला तर त्याला एक वेळापत्रक असते. ते भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही वाचले आहे : दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे.

ऊन पडले की जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. पाण्याची विशिष्ट उष्णता जास्त आहे आणि लाटांमुळे उष्णता खोलवर वाटली जाते. जमिनीवरची तापलेली हवा प्रसरण पावून वर जाते, तेथला दाब उतरतो आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. हा खारा वारा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास तो जाणवू लागतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जोरात असतो आणि सूर्य मावळल्यावर मंदावतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, मग हवा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे वाहते. हा मतलई वारा. तो खाऱ्या वाऱ्यापेक्षा बराच मंद असतो. पहाटे मच्छीमार बांधव होड्या बाहेर काढतात तेव्हा शिडाला हाच वारा उपयोगी पडत असे.

उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा साधारणपणे वायव्येकडून येतो. आता नकाशा उघडा. अलिबागहून मुरूड दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे झुकलेले. म्हणजे दुपारी अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्याच्या पाठीवर वारा, आणि मुरूडहून अलिबागकडे येणाऱ्याच्या छातीवर! सकाळी मात्र मंद वारा जमिनीकडून, म्हणजे बाजूने येतो. त्याचा त्रास नगण्य.

दुसऱ्या मित्राने नेमके हेच हेरले. जाताना दुपारी निघून दोन तास. येताना उजाडताच निघून, वारा पडलेला असताना, तीन तास. एकूण पाच. हिशोब जुळला!

अर्थात वारा नेहमी नाकासमोर किंवा पाठीमागे अगदी सरळ नसतो आणि त्याचा वेगही रोज बदलतो. नागाव-चौलच्या वाड्यांत झाडे वाऱ्याला अडवतात, तेथे तो जाणवतही नाही. रेवदंड्याच्या पुलावर आलात की आडोसा संपतो आणि त्याचा खरा जोर कळतो. म्हणून आपले आकडे ढोबळ समजावेत. पण त्यांचा कौल बदलत नाही.

तिसरा खर्च : चढ

चढाचा हिशोब सर्वांत सोपा. दर १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर वर चढत असेल तर वजनाचा विसावा भाग, म्हणजे ७३५ भागिले २०, जवळजवळ ३७ न्यूटन, एवढे बल जास्तीचे लावावे लागते. रस्ता आणि हवा मिळून १२ न्यूटन होते, त्यापुढे हे तिप्पट! ताशी १५ चा वेग टिकवायला २०४ वॉट हवेत. ताशी ६ ने चढलात तरी सुमारे ७३ वॉट लागतात.

साध्या सायकलीची आणखी एक अडचण आहे. समजा पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या चक्रीला १८. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. मग पायंडलाच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान आहे. पण या चढावर एकूण रोध ४४ न्यूटन असताना एका फेऱ्यात ४४ × ५.४ म्हणजे सुमारे २३८ जूल कार्य करावे लागते. १७ सेंटिमीटरच्या दांड्यावर पायंडल एका फेऱ्यात १.०७ मीटरचे वर्तुळ काढते. म्हणून पायाला सरासरी २२० न्यूटन, म्हणजे २२-२३ किलो वजनाएवढे बल द्यावे लागते. पाय वर-खाली असताना जोर लागत नाही, म्हणून मधल्या क्षणी हा आकडा दुप्पट, जवळजवळ तुमच्या संपूर्ण वजनाएवढा होतो. म्हणूनच चढावर आपण नकळत उभे राहून पायंडल मारतो.

गिअरच्या सायकलीत पुढे-मागे सारख्या दात्यांच्या चक्र्या घेता आल्या, तर एका फेऱ्यात सायकल २.२ मीटरच जाते आणि पायावरचे बल ९० न्यूटनवर येते. ध्यानात ठेवा, गिअरने कार्य वाचत नाही. ते लहान लहान हप्त्यांनी फेडता येते, इतकेच. ज्यांच्याकडे गिअर नाहीत त्यांनी खुशाल उतरून सायकल ढकलावी. त्यात कमीपणा नाही.

आता चढांची भीती घालवू. समजा या मार्गावरचे सगळे चढ मिळून २०० मीटर भरले. ७५ किलो तेवढे उचलायला १४७ किलोजूल लागतात. सपाट ४५ किलोमीटरला सुमारे ५५० किलोजूल लागतात. म्हणजे चढांनी खर्च सुमारे पाव पटीने वाढला. समोरच्या वाऱ्याने मात्र रोध १२ न्यूटनवरून १८ न्यूटनच्याही पलीकडे नेला असता, आणि वेग उतरवूनही सुटका झाली नसती. चढ संपला की उतार तरी येतो. वाऱ्याला उतार नाही.

मात्र उतारावर सावध राहा. याच ५ टक्के उतारावर पायंडल न मारता सायकल ताशी ३३ किलोमीटरपर्यंत पोहोचते. वेग १५ च्या सव्वादोन पट, पण गतिज ऊर्जा पाचपट. तेवढीच ऊर्जा ब्रेकला गिळायची असते, म्हणून थांबायला लागणारे अंतरही पाचपट. काशीदच्या आसपास वळणे आहेत आणि वळणापलीकडून एस. टी. येत असू शकते. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग आवरा आणि डोक्यावर शिरस्त्राण असू द्या.

भाकरी आणि पाणी

आता इंधनाकडे वळू. सकाळच्या परतीच्या प्रवासात पायंडलांना ५५० किलोजूल ऊर्जा मिळाली. परंतु आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्साच कार्यात उतरवतात. तेव्हा अन्नातून २,२०० किलोजूल, म्हणजे सुमारे ५२५ किलोकॅलरी खर्च झाल्या. १०० ग्रॅम तांदळाच्या पिठात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे १५० ग्रॅम पिठाच्या दोन-तीन भाकऱ्यांवर ४५ किलोमीटर! रोजच्या जेवणाव्यतिरिक्त एवढे जास्त. १९७३ साली एस. एस. विल्सन या इंग्रज अभियंत्याने प्राणी आणि यंत्रे यांची तुलना करून दाखवले, की सायकलवरचा माणूस चालणाऱ्या माणसाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या ऊर्जेत तेवढेच अंतर कापतो आणि या बाबतीत तो सर्वांच्या पुढे आहे.

उरलेल्या तीन हिश्शांचे काय? ती १,६५० किलोजूल उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य उपाय म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता नेतो. म्हणजे तीन तासांत निदान पाऊण लिटरच्या आसपास घाम वाळायला हवा. प्रत्यक्षात काही घाम न वाळताच ठिबकतो आणि उन्हाची उष्णता वेगळीच, म्हणून पाणी याच्या दुप्पट तरी जवळ असावे.

येथे एक फसवी गोष्ट आहे. दुपारी पाठीवर वारा घेऊन तुम्ही ताशी २३ ने जात असता तेव्हा अंगाला लागणारी हवा असते फक्त ताशी ८ ची. प्रवास सोपा वाटतो, पण घाम वाळत नाही आणि अंग तापते. डोके दुखू लागले, मळमळले किंवा घाम येणेच थांबले, तर ती धोक्याची सूचना समजा. लगेच सावलीत बसा, अंगावर पाणी शिंपडा, घोट घोट पाणी प्या आणि बरोबरच्या मोठ्या माणसाला सांगा. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने पाणी पिणे हेच उत्तम. या वाटेवरचा शहाळेवाला तर या कामी खास मित्र!

झाडीच्या भागात गारवा का वाटतो, हेही यावरून ध्यानात येईल. पाने ऊन अडवतात, शिवाय पानांतून सतत पाणी बाष्प होऊन जाते. झाडाच्या अंगचा तो एक प्रकारचा घामच. विश्रांतीचे थांबे अशा सावलीतच ठेवावेत.

वाळू आणि तिथी

काशीदचा किंवा रेवदंड्याचा किनारा पाहिला की वाळूवर सायकल घालण्याचा मोह होतो. कोरड्या वाळूत चाक रुतते. पुढे जाण्याऐवजी तुमची शक्ती वाळूचे कण बाजूला सारण्यात जाते. पाण्याच्या कडेची ओली वाळू मात्र घट्ट असते. कणांच्या मधले थोडे पाणी पृष्ठताणामुळे त्यांना एकमेकांशी बांधून ठेवते. ही पट्टी ओहोटीला रुंद होते आणि भरतीला नाहीशी होते.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत अशी : तिथीच्या अंकाची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते. ही रीत ढोबळ आहे, पण तिच्यामागे चंद्राचे गणित आहे : भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी जाऊन पाहायचा असेल, तर हाच हिशोब आधी करावा, स्थानिक माणसाला विचारून खात्री करावी आणि पाणी चढण्यापूर्वी परतावे. खारे पाणी लागलेली सायकल गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यायला विसरू नका, नाहीतर गंजलेली साखळी हा खर्चाचा चौथा रकाना होऊन बसेल.

अलिबागला आणखी एक विज्ञानस्थळ आहे : पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मापन करणारी वेधशाळा. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नाजूक उपकरणे बिघडतील म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली. तेथील मोजमापे आजही चालू आहेत.

करून पाहा

१. गर्दी नसलेल्या सपाट रस्त्यावर ठरावीक वेग घ्या, एका खुणेपाशी पायंडल मारणे थांबवा आणि सायकल किती अंतर जाऊन थांबते ते मोजा. मग टायरमधली थोडी हवा काढून तोच प्रयोग करा. दोन्ही वेळा वारा पडलेला असावा.

२. मोकळ्या रस्त्यावर ५०० मीटर अंतर मोजून घ्या. दुपारच्या वाऱ्यात सारख्याच श्रमाने एकदा जा, एकदा या. दोन्ही वेळा नोंदवा. हाच प्रयोग सकाळी सात वाजता करा आणि बेरजा ताडून पाहा.

३. समोरचा वारा ताशी १० किलोमीटरचा असेल, तर ताशी १५ ने जाण्यास किती शक्ती लागेल? सुमारे ९७ वॉट हे उत्तर आले तर तुमची रीत बरोबर आहे.

४. तुम्ही मुरूडहून सकाळी साडेसहाला ताशी १५ ने निघालात आणि वाटेत चढ व थांबे यांत पाऊण तास गेला. खारा वारा दहा वाजता सुटला, तर तुमचे किती किलोमीटर उरलेले असतील? ते वाऱ्यात कापण्याऐवजी काय करता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडले, की नकाशाशेजारी पंचांग आणि घड्याळ ठेवून तुमच्या गावाजवळच्या एखाद्या मार्गाचा असाच जमाखर्च मांडा. वडीलधाऱ्यांना तो दाखवा, त्यांची परवानगी घ्या, दोघा-तिघांची सोबत ठरवा, आणि मग टायरमध्ये हवा भरा.